हिंगण्याची वाट

इ. स. १८९१ सालची गोष्ट. मुंबईत धोंडो केशव कर्वे नावाचे एक शिक्षक राहत असत. कोकणातील मुरूड हे त्यांचे गाव. घरची गरिबी असूनही त्यांनी मोठ्या कष्टाने गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली होती. पहाटेपासून शिकवण्या कराव्यात, दिवसा शाळांतून शिकवावे आणि थकूनभागून घरी यावे, असा त्यांचा नित्यक्रम असे. घरी पत्नी राधाबाई व मुलगा रघुनाथ होते. राधाबाईंना शाळा ठाऊक नव्हती. पतीजवळ बसून त्या थोडे लिहावाचावयास शिकू लागल्या होत्या. संसाराला स्थैर्य येते न येते, तोच राधाबाईंचे निधन झाले.

त्या वेळी कर्व्यांचे वय ३३ वर्षांचे होते आणि रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा. घर ओकेबोके झाले. कर्वे मूळचे अबोल. आपले दुःख चारचौघांत बोलून दाखविणे त्यांना जमत नसे. ते मुकाट्याने आपले काम करीत राहिले. त्याच वर्षी त्यांचे सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यासाठी बोलाविले. एवढे काम आपल्या हातून निभेल की नाही, याची त्यांना शंका होती. तरीही ते पुण्यास गेले. नवे गाव आणि नवे विद्यार्थी यांच्यात त्यांचे मन हळूहळू रमू लागले.

कर्व्यांनी दुसरे लग्न करावे, असे आप्तेष्टांना वाटत होते. त्या काळी विधुराने लहान मुलीशी लग्न करावे, हीच रीत होती. पण कर्वे विचारात पडले. पत्नी गेली, तर पुरुषाला नवा संसार मांडता येतो. मग पती गेलेल्या स्त्रीने जन्मभर कोपऱ्यात का बसावे? दुःख दोघांचेही सारखेच असते. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती, परंतु समाजाची संमती नव्हती. लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला.

मुंबईतील त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात ती शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्व्यांचा तिच्याशी विवाह झाला. पुढे ती आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली जाऊ लागली.

या विवाहामुळे मुरूड गाव खवळले. गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या घरात ते लहानाचे मोठे झाले, त्या घराचे दार त्यांना बंद झाले. कारण त्यांना थारा दिला असता, तर आई व भाऊ यांच्यावरही बहिष्कार पडला असता. आईचा जीव तळमळला, पण तिचा इलाज नव्हता. कर्व्यांनी कोणाचाही राग धरला नाही.

आपल्याला पुन्हा घर लाभले. पण ज्या विधवांना कोणाचाच आधार नाही, त्यांचे काय? या विचाराने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. तेथे सुरुवातीला एक झोपडी तेवढी होती. महाविद्यालयातील काम आटोपले की कर्वे रोज तेथे पायी जात. पावसाळ्यात वाटेत चिखल होई. आश्रमासाठी लागणारे सामानही ते पुष्कळदा स्वतः वाहून नेत. कोणी टिंगल करी, कोणी मदत देई. त्यांचे चालणे मात्र थांबले नाही. आनंदीबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याही आश्रमात आल्या. तेथे त्या शिकल्या आणि पुढे त्यांनी आश्रमाची धुरा वाहिली.

त्या झोपडीचा हळूहळू विस्तार झाला. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. लोक आदराने त्यांना महर्षी म्हणू लागले. १९५० साली आनंदीबाईही निवर्तल्या. वयाच्या ९२ व्या वर्षी अण्णासाहेबांना पुन्हा तेच दुःख सोसावे लागले. पण या वेळी त्यांच्याभोवतीचे जग रिकामे नव्हते. हिंगण्यास मुली अभ्यास करीत होत्या, खेळत होत्या, हसत होत्या.

१९५८ साली, त्यांच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या दुःखातून बाहेर पडण्याची वाट शोधताना त्यांनी हजारो स्त्रियांसाठी शिक्षणाची वाट मोकळी केली.