लिंकनकडे फौज होती, जोतिरावांकडे घरचा हौद होता

11 एप्रिल आणि 14 एप्रिल. तीन दिवसांच्या अंतराने येणाऱ्या या दोन जयंत्या आपण जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत साजऱ्या करतो. मंडप पडतो, मिरवणूक निघते, भाषणे होतात. भाषणांत गुलामगिरी हा शब्द हमखास येतो. पण हा शब्द जोतिरावांनी कुठून उचलला आणि आपल्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरपर्यंत त्याचे काय झाले, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसते. म्हणून हा लेख.

आधी अमेरिकेकडे पाहू. 1860 च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे 40 लाख काळी माणसे गुलाम होती. त्यांचा बाजार भरत होता, आईपासून लेकरू तोडून विकले जात होते. दक्षिणेकडील राज्यांची कापसाची शेती त्यांच्याच घामावर उभी होती. नोव्हेंबर 1860 मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा गुलामगिरी टिकवू पाहणारी राज्ये देशातून फुटून निघाली. एप्रिल 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले. सुरुवातीला लिंकन यांचा भर देश एकसंध ठेवण्यावर होता, गुलामांची सुटका हे युद्धाचे जाहीर उद्दिष्ट नव्हते. पण युद्ध लांबले, गुलाम स्वतःच मळे सोडून पळू लागले, गुलामगिरीविरोधी चळवळीचा दाब वाढला. 1 जानेवारी 1863 रोजी लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. सहा लाखांहून अधिक सैनिक या युद्धात मेले. एप्रिल 1865 मध्ये लिंकन यांचा खून झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटनादुरुस्तीने देशभरातली गुलामगिरी कायद्याने संपली.

त्यानंतर आठ वर्षांनी, 1873 मध्ये, पुण्यात एक मराठी पुस्तक छापले गेले. त्याचे नाव गुलामगिरी. जोतिरावांनी ते अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेली निःस्वार्थ वृत्ती आणि केलेला त्याग यांचा गौरव म्हणून ही अर्पणपत्रिका होती. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावे, अशी आशा त्यांनी तिथे व्यक्त केली.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. हे पुस्तक एकट्या राष्ट्राध्यक्षाला अर्पण केलेले नाही, लोकांना केले आहे. हुकूम एक माणूस काढतो, पण तो अमलात आणण्यासाठी मरायला तयार असलेले लोक लागतात, हे जोतिरावांनी ओळखले होते. आपल्याकडे असे लोक आहेत का? हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी आधी स्वतःच्या घराला विचारला.

घरापासून सुरुवात

जोतिराव 11 एप्रिल 1827 रोजी जन्मले. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायामुळे फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी सांभाळले. 1840 मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्न झाले. 1841 पासून ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक तरुणपणी वाचनात आले. 1848 मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते शूद्र म्हणून अपमानित झाले.

त्याच वर्षी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. लोकांनी शेण-चिखल फेकला. समाजाच्या दबावाखाली वडील गोविंदरावांनी 1849 मध्ये लेक-सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमाबी शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवू लागल्या. पुढे महार-मांग मुलांसाठी शाळा निघाल्या. त्यांतल्याच एका शाळेतल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध 1855 मध्ये ज्ञानोदयमध्ये छापून आला. ज्यांना अक्षराची बंदी होती, त्यांच्यातली एक मुलगी तीन-चार वर्षांत व्यवस्थेला जाब विचारू लागली होती.

1856 मध्ये जोतिरावांना मारण्यासाठी दोन मारेकरी पाठवण्यात आल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. जोतिरावांशी बोलल्यावर दोघांचेही मन पालटले आणि ते त्यांचे अनुयायी झाले. त्यांतले धोंडिराम कुंभार पुढे सत्यशोधक चळवळीचे पंडित झाले.

1863 मध्ये, म्हणजे लिंकन यांच्या जाहीरनाम्याच्याच वर्षी, जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, बाळंत व्हावे, कुणी नाव विचारणार नाही. ज्या ब्राह्मणशाहीशी त्यांचा उभा दावा होता, तिनेच छळलेल्या ब्राह्मण विधवांसाठी हे दार उघडले होते. पुढे अशाच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत.

आणि 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आज हे वाक्य वाचायला सोपे वाटते. पण त्या काळी हौद बाटला म्हणजे घर बाटले. सोयरीक तुटली, जातवाल्यांनी पाठ फिरवली. महाडच्या चवदार तळ्याआधी 59 वर्षे एका माळ्याने आपल्याच अंगणात हे केले. त्यासाठी त्यांनी सरकारच्या कायद्याची वाट पाहिली नाही.

फौज नसलेला अध्यक्ष

24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतिराव त्याचे पहिले अध्यक्ष आणि खजिनदार झाले, नारायण गोविंद कडलक चिटणीस. या अध्यक्षाच्या हाती ना सैन्य होते, ना खजिना, ना न्यायालय. कुणाला शिक्षा करता येत नव्हती, कुणाला पद देता येत नव्हते. निर्मिक आणि माणूस यांच्यात दलाल नको, लग्नाला भट नको, मुलामुलींना शिकवा, एवढेच मागणे होते. 25 डिसेंबर 1873 रोजी सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले. सावित्रीबाईंनी त्यासाठी पुढाकार घेतला.

आता जुन्नरकडे येऊ.

1876-77 मध्ये दख्खनात भीषण दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाचे लोक खेड्यांत मदतीला गेले. सावित्रीबाई जुन्नर तालुक्यात ओतूरला होत्या. 20 एप्रिल 1877 रोजी त्यांनी तिथून जोतिरावांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. गुरे पटापट मरत आहेत, माणसे गाव सोडून चालली आहेत, सावकार अशा वेळीही लुटत आहेत, त्यातून दंगे होत आहेत, असे त्या कळवतात. पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांना पकडले होते. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावले. त्यांनी त्याला तोंडावर विचारले, की मदत करणाऱ्या माणसांना खोट्या आळाने का धरले? कलेक्टर समंजस निघाला. माणसे सुटली आणि दुष्काळग्रस्तांसाठी ज्वारीच्या चार गाड्या आल्या.

पुण्यातला अध्यक्ष इथे हजर नव्हता, तरी काम अडले नाही. सावित्रीबाई स्वतःच्या हिमतीवर इंग्रज अधिकाऱ्याशी बोलल्या, पन्नास शेतकरी तुरुंगाला भ्याले नाहीत. पुढाऱ्याचे नैतिक बळ कुठे मोजायचे, तर तो नसताना त्याची माणसे कशी वागतात तिथे.

पुढे 1880 च्या दशकात याच ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी गावजोशाला बाजूला ठेवून घरचे लग्न लावले. जोशांनी वतनी हक्काचा दावा लावला आणि हा वाद थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. माझ्या घरच्या कार्याला कोण बोलवायचे हे मी ठरवणार, एवढ्या गोष्टीसाठी एक शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. त्याच काळात जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला. जमिनी पडीक राहिल्या, पण कुळे हटली नाहीत. जोतिराव त्यांच्या पाठीशी होते. शेतकऱ्याचा असूड 1883 मध्ये लिहून झाला होता. त्यातला शेतकरी हाच, आपल्या शिवारातला.

1882 मध्ये त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या वर्गाची कॉलेजे चालतात आणि खेड्यात शाळा नाही, हे सरकारला सुनावले. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. 1888 मध्ये ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यात उपाशी आहे, हे राजपुत्राच्या कानावर घातले. 11 मे 1888 रोजी मुंबईच्या मांडवी-कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा म्हटले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तर डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पूर्ण केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले. दत्तक मुलाला टिटवे धरू देण्यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे चालल्या.

आपला हौद कोणता?

अमेरिकेत कायद्याने गुलामगिरी संपली, पण काळ्या माणसाला मतदानाच्या हक्कासाठी आणि शाळेत शेजारी बसण्यासाठी आणखी शंभर वर्षे लढावे लागले. आपल्याकडे 1950 मध्ये संविधानाने अस्पृश्यता संपवली. गावकुसात ती किती संपली, हे तुम्हाला मी सांगायला नको. कायदा लागतोच, पण माणसाच्या मनातली गुलामी हुकमाने जात नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत जोतिरावांना गुरू मानले आणि शूद्र पूर्वी कोण होते हा 1946 चा ग्रंथ त्यांना अर्पण केला.

लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरीच्या डोंगरांत कोरलेली दोन हजार वर्षांपूर्वीची बुद्धलेणी आपण अभिमानाने दाखवतो. दाखवलीच पाहिजेत. पण मित्रांनो, वारसा नुसता दाखवून टिकत नाही. आपल्या घरात सोयरीक जुळवताना अजून पोटजात विचारली जाते. मातंग, चर्मकार, आदिवासी भावंडांच्या वस्तीवर आपण संकटात किती वेळा गेलो? आपल्या मंडळात किती मुली निर्णय घेतात? एकाच गावात दोन-दोन जयंती कमिट्या कशासाठी? दुसऱ्याने विहीर बंद केली म्हणून आपण मोर्चा काढतो, आणि तो काढायलाच हवा. पण जोतिरावांनी आधी स्वतःचा हौद उघडला आणि मग जगाला बोलले. त्यामुळेच त्यांच्या बोलण्याला वजन आले.

येत्या 11 एप्रिलला हार घालण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरातला एक बंद हौद शोधावा आणि तो उघडावा. त्यासाठी कुणाच्या हुकमाची गरज नाही.

जय जोती, जय भीम.