काळ्या पाषाणातील शंख : स्टीफन हिस्लॉप यांचे जीवन

आपल्या वऱ्हाडात विहीर खणायला घेतली म्हणजे आधी काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. हा पाषाण फोडायला पहार पुरत नाही, सुरुंगच लावावा लागतो. चांदूरपासून मालखेड आणि पोहऱ्याच्या टेकड्यांपर्यंत कोठेही जा, पायाखाली हाच खडक आहे. भूगर्भातून वर आलेला लाव्हारस थरावर थर पसरत गेला, थंड झाला आणि त्याचा हा पाषाण झाला. ज्या खडकाचा जन्मच अग्नीतून झाला, त्याच्या पोटात पाण्यात राहणाऱ्या जिवांचे शंख सापडतील असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. परंतु ते सापडले आहेत. त्या शंखांचा अभ्यास करून विदर्भाच्या भूमीचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा इतिहास वाचू पाहणाऱ्यांत ज्यांचे नाव आधी घ्यावे लागते, ते व्यवसायाने भूशास्त्रज्ञ नव्हते. ते धर्मोपदेशक आणि शाळामास्तर होते. त्यांचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे हे नाव विदर्भातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावरून गेलेले असते. इमारतीला लाभलेल्या नावामागचा माणूस मात्र सहसा कोणी शोधीत नाही. मी तो शोधू लागलो, तेव्हा या माणसाच्या आयुष्यात शाळा, शंख आणि शेवटी एक पुराचा नाला अशा तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या. त्याच आपल्या मित्रांसमोर ठेवीत आहे.

हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. एडिंबरो आणि ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक झाले आणि 1844 च्या अखेरीस पत्नीसह मुंबईच्या बंदरात उतरले. 1845 साली ते नागपुरास आले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते, तर जवळच कामठीला इंग्रजांची छावणी होती. मे 1846 मध्ये हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा सुरू केली. पुढे रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. हिस्लॉप धर्मांतर घडवून आणण्याच्या हेतूने आले होते, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. शाळा हे त्यांच्या दृष्टीने त्या कार्याचेच साधन होते. आपल्या समाजाला ते रुचणे शक्य नव्हते, आणि आजही त्या हेतूशी आपण सहमत व्हावे असे कोणी म्हणणार नाही. पण माणूस ज्या हेतूने येतो, तेवढेच काम करून जातो असे नाही.

नागपूरच्या आसपास दोघे सहकारी पायी हिंडत. सीताबर्डीची टेकडी आणि टाकळीचा परिसर ही त्यांच्या फिरण्याची ठिकाणे. तेथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे मातीचा, चुनखडीचा किंवा गारगोटीसारख्या कठीण दगडाचा पातळ पट्टा दिसतो. त्यालाच भूशास्त्रात इंटरट्रॅपीयन थर म्हणतात. एक लाव्हा येऊन थंड झाला आणि दुसरा येईपर्यंत मध्ये दीर्घ काळ गेला. त्या अवधीत खोलगट जागी पाणी साचले, गाळ बसला, त्यात जीव राहिले आणि मेले. मग दुसरा लाव्हा आला आणि त्याने ते सारे झाकून टाकले. म्हणून हा पातळ पट्टा म्हणजे दोन प्रलयांच्या मधल्या शांततेची नोंदवहीच होय.

या नोंदवहीतील अक्षरे म्हणजे शंख आणि शिंपले. हिस्लॉप यांच्या आधीही काहींनी ती पाहिली होती. माल्कमसन नावाच्या एका डॉक्टरने जमविलेल्या अशा शंखांचे वर्णन 1840 साली प्रसिद्ध झाले होते. परंतु एकाच परिसरात वर्षानुवर्षे चिकाटीने गोळा करून, थर आणि स्थळ यांची सांगड घालून अभ्यास केला तो हिस्लॉप आणि हंटर यांनी. नागपूरच्या भूस्तरांवरील आणि जीवाश्मांवरील त्यांचा निबंध 1855 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणाने हंटर मायदेशी परतले. हिस्लॉप एकटे राहिले, पण काम थांबले नाही. 1860 साली त्याच त्रैमासिकात लाव्ह्याशी निगडित थरांतील शंखांवर त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. टाकळीच्या थरात केवळ शंखच नव्हते. फळे, बिया आणि कीटकांचे अवशेषही तेथे मिळाले, आणि इतर विद्वानांनी त्यांची वर्णने केली.

शंख पाहून प्राचीन काळचे पाणी कसे ओळखता येते, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्या घरी सारीपाटाच्या पिशवीत कवड्या असतात. कवडी ही समुद्रातली. आपल्या कोणत्याही नाल्यात ती कधी मिळणार नाही. उलट नाल्याच्या गाळात मिळणारा काळसर शिंपला समुद्रात जगणार नाही. प्रत्येक जातीच्या जिवाचे पाणी ठरलेले आहे. कोणाला खारे, कोणाला गोडे, कोणाला खाडीचे मचूळ. कोणाला वाहते, कोणाला संथ. म्हणून दगडातील शंखाची जात ओळखली की तो दगड कोणत्या पाण्याखाली तयार झाला हे सांगता येते. नागपूरच्या थरांत फायसा नावाचा शंख विपुल सापडतो. सामान्यतः शंखाचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले तर ते उजवीकडे येते, पण फायसाचे डावीकडे येते. असा हा डावखुरा शंख गोड्या पाण्यातला. त्याच्या जोडीला लिम्निया आणि पॅल्युडिना हेही गोड्या पाण्यातलेच. यावरून हिस्लॉप यांनी निष्कर्ष काढला की लाव्ह्यांच्या त्या काळात मध्य भारतात समुद्र नव्हता, गोड्या पाण्याचे जलाशय होते.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीच्या परिसरातही लाव्ह्याच्या थरांमध्ये शंख मिळत होते. त्यांचाही अभ्यास त्यांनी 1860 च्या निबंधात केला. पण तेथील टरिटेला आणि सेरिथियम यांसारखे शंख समुद्रातले आणि खाडीतले होते. म्हणजे त्या युगात समुद्राचा काठ राजमहेंद्रीजवळ होता आणि आपला विदर्भ तेव्हाही जमीनच होता! हातात मावणाऱ्या शंखांवरून प्राचीन समुद्राचा किनारा आखण्याचे हे काम आहे. रेल्वे अद्याप नागपूरला पोचली नव्हती, ती पोचली 1867 साली. आपल्या चांदूरच्या नावाला रेल्वे चिकटण्याआधीची ही गोष्ट आहे.

त्यांची सर्वच अनुमाने टिकली असे नाही. मध्य भारतभर एकच विशाल सरोवर पसरले असावे असा त्यांचा समज होता. पुढील संशोधकांना ती लहानमोठी अनेक तळी असावीत असे दिसून आले. हे थर त्यांनी तृतीयक कल्पातले मानले होते. आज दक्खनच्या लाव्ह्याचे वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे ठरले आहे, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले तो काळ. समुद्राचा प्रश्नही पुन्हा उघडला आहे. 2009 साली गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे गोड्या पाण्याच्या थरांच्या मध्येच समुद्रातील सूक्ष्मजीवांचे कवच असलेला थर सापडल्याचे प्रसिद्ध केले, आणि समुद्राचा एखादा फाटा काही काळ आत शिरला असावा असे मांडले. नागपूरच्या शेजारच्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. हिस्लॉप यांनी विचारलेला प्रश्न दीडशे वर्षांनीही जिवंत आहे, यातच त्या प्रश्नाचे मोल आले.

आज शंखांकडून याहूनही अधिक काढून घेता येते. शंख थराथराने वाढतो आणि त्याच्या चुन्यात प्राणवायूचे हलके व जड अणू असतात. त्यांचे प्रमाण पाण्याच्या उष्णतेप्रमाणे बदलते. त्यावरून प्राचीन समुद्राचे तापमान मोजता येईल ही कल्पना अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरे यांनी 1947 साली मांडली. मात्र टाकळीसारख्या ठिकाणी ज्या शंखांच्या चुन्याची जागा गारगोटीने घेतली आहे, ते ही साक्ष देऊ शकत नाहीत. त्यांच्यापाशी उरतो तो फक्त आकार. हिस्लॉप यांनी त्या आकाराकडूनच बोलवून घेतले.

दगडांइतकेच त्यांचे लक्ष माणसांकडे होते. गोंडांची भाषा आणि चालीरीती यांच्या टिपणांबरोबर परधानांच्या तोंडची लिंगोची गाथा त्यांनी लिहवून घेतली. हे कागद त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली सर रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते त्यांच्या मुखातील वाङ्मय कागदावर आले, ही लहान गोष्ट नव्हे. ज्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्या घरातून मी आलो आहे. घरातल्या ओव्या आणि कहाण्या आजीबरोबर जातात, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून या टिपणांचे महत्त्व मला शंखांहून कमी वाटत नाही.

1863 च्या सप्टेंबरात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर टेंपल यांच्यासोबत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले. लोहयुगातील लोकांची ती दफनस्थाने. 1968 साली नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांनी त्याच ठिकाणी उत्खनन केले. वर्तुळे पाहून झाल्यावर बाकीची मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली, आणि हिस्लॉप मात्र टाकळघाटची शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. शाळा तपासून ते एकटेच घोड्यावर निघाले. दरम्यान पावसाने वाटेतील नाल्याला पूर आला होता. मुक्कामावर घोडा आला, त्यावर स्वार नव्हता. शोध घेतल्यावर त्यांचा देह त्या पाण्यात सापडला. तो दिवस होता 4 सप्टेंबर 1863. सेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस उरले होते.

ज्याने आयुष्यभर प्राचीन पाण्याचा माग काढला त्याला पाण्यानेच न्यावे, याला दैवदुर्विलास म्हणता येईल. पण मला त्या दिवसातली दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. प्रांताचा मुख्य अधिकारी बरोबर असताना, पावसाळी दिवस कलत असताना, एका खेड्यातील शाळेची तपासणी राहून जाऊ नये म्हणून हा माणूस मागे थांबला. हिरवट रंगाच्या एका खनिजाला 1859 मध्येच हिस्लॉपाइट असे नाव मिळाले होते. 1883 साली त्यांच्या शाळेतून वाढलेल्या महाविद्यालयालाही त्यांचे नाव लाभले. खनिज कपाटात राहील. महाविद्यालयातून मात्र दरवर्षी विद्यार्थी बाहेर पडतात.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. खडक आणि शंख हा आपला विषय नव्हे असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. हिस्लॉप यांचाही तो विषय नव्हता. उन्हाळ्यात गावोगाव विहिरींची कामे निघतात. काठावर टाकलेल्या दगडांत काळ्या पाषाणापेक्षा वेगळा, पांढरट किंवा राखी रंगाचा तुकडा दिसला, तर तो उचलून उलटासुलटा करून पाहावा. त्यात शंखाचा वेढा दिसला, तर त्याचे तोंड डावीकडे आहे की उजवीकडे, हे आपल्यालाही सांगता येईल.