परळच्या पाटीवरचा माणूस

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली! मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाला घाम फुटतो. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या माणसाबद्दल लिहितेय त्याचं नाव आपल्या मुंबईतल्या एका पाटीवर आहे आणि तो माणूस कोण हे मला एकोणिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

परळला माझी मावशी राहते. तिच्याकडे जाताना 'हाफकिन' ही पाटी मी लहानपणापासून वाचत आले. मला वाटायचं, असेल कुणी जुना इंग्रज साहेब. गव्हर्नर वगैरे. मागच्या वर्षी आमच्या मशीन लॅबमध्ये एक प्रकार घडला (तो शेवटी सांगते), तेव्हा मावशीनेच मला हाफकिनची गोष्ट सांगितली. मग मी लायब्ररीत बसून वाचत गेले, आणि थक्क झाले.

वॉल्डेमार हाफकिन इंग्रज नव्हतेच. १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. मेचनिकोव्हसारखा मोठा शास्त्रज्ञ त्यांचा गुरू. पण त्या काळी रशियात ज्यूंवर हल्ले होत. हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले, अटकही झाली. गुरूने मध्ये पडून सोडवलं. पुढे धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी नाही म्हटलं.

मग १८८८ मध्ये जिनिव्हा आणि १८८९ मध्ये पॅरिस. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एकच जागा रिकामी होती, ग्रंथपालाची! ती घेतली. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात कॉलऱ्याच्या जंतूंवर प्रयोग करायचे. आपल्याला इंटर्नशिप मनासारखी मिळाली नाही की आपण आठवडाभर तोंड पाडून बसतो, हे वाचताना मला माझीच लाज वाटली.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण निभावलं. तरी युरोपात फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन. ते आधी हिंदुस्थानात व्हाइसरॉय होते, इथला कॉलरा त्यांना माहीत होता. असं करत १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्याला पोचले. १८९४ मध्ये तिथल्या कट्टल बागान वस्तीत कॉलरा सुरू झाला. सुमारे २०० माणसांची वस्ती, त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी!

आता आपल्या मुंबईकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं की हा साधा ताप नाही, हा प्लेग आहे. लोक शहर सोडून पळायला लागले. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिनना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई! एवढ्या सामानावर साधारण तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली.

पद्धत ऐकण्यासारखी आहे. काचेच्या चंबूत रश्श्यासारखा द्रव घ्यायचा, वर तुपाचे थेंब सोडायचे (हो, आपलं साजूक तूप!). त्या थेंबांना लोंबकळून प्लेगचे जंतू खाली वाढत जातात, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. चंबू हलवला की ते गळून तळाशी बसतात आणि नवे वाढायला लागतात. भरपूर वाढले की द्रव तापवून जंतू मारायचे. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी पुन्हा आधी स्वतःलाच टोचून घेतलं, तब्बल १० सी.सी. नंतर लोकांना दिला जायचा त्याहून हा डोस बराच मोठा होता. ताप चढला, दुखलं, पण बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. जेवण तेच, बराकी त्याच, फरक फक्त लसीचा. टोचलेल्यांमध्ये प्लेग आणि मृत्यू दोन्ही कितीतरी कमी झाले.

पण तो काळच भयंकर होता. घरात शिरून झडत्या, आजाऱ्यांना उचलून नेणं, यामुळे लोक चिडलेले. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. अशा वातावरणात गोऱ्या माणसाची सुई कोण टोचून घेणार? हाफकिनचं म्हणणं होतं की सक्ती नको, लोकांना पटवून द्या. आगाखानांनी स्वतः लोकांसमोर टोचून घेतलं, तेव्हा खोजा समाजातली हजारो माणसं पुढे आली. लस परिपूर्ण नव्हतीच. हात सुजायचा, ताप यायचा, लस घेऊनही काहींना प्लेग व्हायचा. तरी मागणी वाढत गेली आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये मोठी प्रयोगशाळा सुरू झाली.

आणि मग आली बाटली नंबर ५३-एन.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. आठवड्याभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसच्या एकोणीस गेले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिलेली होती. चौकशी समिती नेमली गेली. तिने म्हटलं, बाटली परळमध्येच दूषित झाली असावी. हाफकिननी लसीत कार्बोलिक ॲसिड घालणं बंद करून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली होती, याकडे बोट दाखवलं गेलं. त्यांना कामावरून दूर केलं. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले.

खरं काय घडलं होतं? गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला. तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपल्याला शाळेतच शिकवतात. शिवाय असे जंतू बाटलीत आधीपासून वाढले असते तर उघडताना घाण वास आला असता. तसा वास आलाच नव्हता. हे सगळं कागदावर होतं! पण ते कागद लोकांसमोर यायलाच चार वर्षं लागली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावा तपासला. १९०७ मध्ये मलेरियावाले नोबेल विजेते रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र छापून आणलं. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

गोड शेवट वाटला ना? तसं नाही. ते परत आले, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. तिथे लस बनवायची सोय नव्हती आणि नव्या लसींचे प्रयोग माणसांवर करायची परवानगीही नव्हती. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपला गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वारले. लग्न केलंच नव्हतं. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं, एवढं मात्र त्यांना बघायला मिळालं. त्या नावाच्या महामंडळाने पुढे पोलिओच्या तोंडी लसीचे ढीगभर डोस देशाला पुरवले.

आता माझा किस्सा. लॅबमध्ये एक ॲमीटर जळला. रजिस्टरमध्ये शेवटची सही आमच्या बॅचची, म्हणून दोष आमचा. चौघींनी फाइन भरला. दोन आठवड्यांनी लॅब असिस्टंट काकांनी पॅनेल उघडलं, तर फ्यूजच्या जागी कुणीतरी केव्हाच जाड तार बसवून ठेवलेली! सगळ्यांनी मान्य केलं की आमची चूक नव्हती. फाइन काही परत मिळाला नाही. मी मावशीकडे रडून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, अगं, पाटीवरच्या माणसाचं काय झालं ते आधी ऐक.

माझे पैसे दीडशे रुपये. हाफकिनची गेली ती उमेदीची वर्षं. आणि मुल्कोवालच्या १९ घरांचं जे गेलं त्याला मोजमापच नाही. म्हणून मला वाटतं, उद्या आपण साइटवर किंवा प्लांटमध्ये उभे असू आणि काही बिघडेल, तेव्हा शेवटची सही कुणाची हे बघण्याआधी पॅनेल उघडून बघूया. जमिनीवर पडलेला चिमटा शोधूया. आणि चिमटा आपल्याच हातून पडला असेल तर तसं सांगायची हिंमत ठेवूया.

पुढच्या वेळी परळला गेलात तर ती पाटी जरा थांबून वाचा. मी तर आता दर वेळी थांबते.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल, मुलींचे वसतिगृह)