पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा नित्यनेम

देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव प्रथम आठवते. काशीचे विश्वनाथ मंदिर, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. परंतु एवढे कार्य त्यांच्या हातून कसे घडले, याचे उत्तर त्यांच्या रोजच्या नेमात आहे.

अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. सुभेदार मल्हारराव होळकरांनी या मुलीला सून करून घेतले. सुनेची हुशारी पाहून त्यांनी तिच्यावर कारभाराच्या व तोफखान्याच्या व्यवस्थेच्या जबाबदाऱ्याही सोपविल्या.

पुढे दुःखाचे डोंगर कोसळले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले. १७६६ साली मल्हारराव स्वतः गेले आणि १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेरावही गेला. त्याच साली देवींनी राज्याचा भार शिरावर घेतला. लष्कर तुकोजी होळकरांकडे सोपविले व महेश्वर येथे नर्मदेच्या काठी राहून त्या कारभार पाहू लागल्या.

त्यांची दिनचर्या ठरलेली होती. दिवस उजाडण्याच्या तासभर आधी त्या उठत. स्नान, पूजा व पुराणश्रवण झाल्यावर स्वहस्ते दानधर्म व अन्नदान करीत. नंतर साधे भोजन व थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत, त्या सायंकाळी सहापर्यंत. रयतेची गाऱ्हाणी जातीने ऐकत. संध्याकाळी पुन्हा पूजा व फराळ उरकून नऊपासून अकरापर्यंत कामकाज चाले. सणवार, उपवास किंवा राज्यावरील एखादे संकट सोडले तर या क्रमात सहसा बदल होत नसे. त्यांच्या पश्चात सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात चौकशी करून ही माहिती लिहून ठेवली आहे.

या नेमाची खरी कसोटी उतारवयात लागली. आधी नातू गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले. मुलगी मुक्ताबाई सती जाऊ नये म्हणून राज्याच्या मालकिणीने पदर पसरला, पण उपयोग झाला नाही. सासऱ्यांच्या शब्दाखातर आपण मागे राहिलो, आणि आपल्या शब्दाने मुलगी मात्र राहिली नाही, हे दुःख केवढे असेल! तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. त्यानंतर मुलीचे स्मारक उभारण्याच्या कामात त्यांनी मन घातले आणि पुढेही राज्याचा भार वाहिला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत सुमारे अठ्ठावीस वर्षे रयतेला त्यांच्या कारभाराचा आधार मिळाला.

देवळे व घाट यांचा मोठा खर्च त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून केला. खासगीचा जमाखर्च वेगळा ठेवला जाई. देऊळ उभे केले म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. पूजाअर्चा व अन्नछत्रे चालू राहावीत म्हणून नेमणुका करून दिल्या. दूरदूरच्या देवस्थानांना अभिषेकासाठी गंगाजल पाठविण्याची व्यवस्था केली.

ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सहकार्याने आज देवालयाचा जीर्णोद्धार होत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. कळस एकदाच चढतो. झाडलोट, दिवाबत्ती आणि पैशापैशाचा हिशोब मात्र रोज करावा लागतो. अहिल्यादेवींचा हा नित्यनेम थोडा जरी अंगी बाणला, तरी देऊळही टिकेल आणि माणूसही घडेल.