रिमोटवरची गाडी आणि एकटा टेस्ला

गेल्या रविवारी आमच्या क्वार्टर्सच्या मागच्या अंगणात शेजारचा आठ वर्षांचा मुलगा वाढदिवसाला मिळालेली रिमोटची गाडी चालवत होता. धुण्याच्या दगडाला वळसा, तुळशीभोवती दोन फेऱ्या आणि मग नळाखालच्या चिखलात चाकं रुतून गाडी गप्प. वरच्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीतून हे बघत होते. फारसे कुणाशी बोलत नाहीत, खाली तर उतरतच नाहीत. गाडी चिखलातून काढता काढता मुलाने मला विचारलं, की हिला तार नाही, मग मी इकडे बटण दाबलेलं तिला तिकडे कसं कळतं? मी रेडिओलहरींबद्दल थोडंफार सांगितलं. त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता : हे पहिल्यांदा केलं कुणी?

ज्यांनी केलं त्यांचं नाव आम्ही डॉक्टर रोज घेतो, पण माणूस म्हणून नाही, मोजमाप म्हणून. एमआरआयचं यंत्र दीड टेस्लाचं की तीन टेस्लाचं, असं आम्ही विचारतो. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारांहून अधिक पट ताकद. १९६० मध्ये चुंबकक्षेत्राच्या एककाला ज्याचं नाव दिलं गेलं, त्या निकोला टेस्लाचं आयुष्य मात्र डॉक्टर म्हणून वाचलं तर मन अस्वस्थ होतं.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. आज हे गाव क्रोएशियात आहे, तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं. वडील मिलुटिन सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण घरातली अवजारं ती स्वतः घडवायची आणि लांबलचक वीरकाव्यं तिला मुखोद्गत होती. कल्पकता आपल्याला आईकडून मिळाली, असं टेस्ला पुढे आवर्जून सांगत असे.

खेळण्यांचा नाद लहानपणापासूनचा. आपल्याकडे वळवाच्या पावसानंतर कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे येतात. त्यांच्याच जातकुळीतले भुंगेरे तिकडे मे महिन्यात झाडांवर लगडतात. छोट्या निकोलाने बारीक काड्यांचा क्रूस करून तो एका आसावर बसवला आणि प्रत्येक काडीवर चार-चार भुंगेरे चिकटवले. भुंगेरे उडू लागले की आस गरगर फिरायचा. ही त्याची पहिली मोटार. तेवढ्यात एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा तिथे आला आणि भुंगेरे जिवंतच खाऊ लागला. निकोलाला इतकी शिसारी आली की पुढे जन्मभर त्याला किड्याला हात लावणं जमलं नाही.

ही गोष्ट हसण्यावारी नेता येते. पण अशा शिसाऱ्या त्याच्या मनात एकेक करून साठत गेल्या. थोरला भाऊ दाने हा अतिशय हुशार मुलगा. निकोला अगदी लहान असताना तो घोड्याच्या अपघातात गेला आणि घरावर कायमची सावली पडली. निकोलाच्या डोळ्यांसमोर मध्येच प्रकाशाचे लोळ यायचे. एखादा शब्द उच्चारला की ती वस्तू इतकी स्पष्ट दिसायची, की खरी कोणती आणि मनातली कोणती हे कळेनासं व्हायचं. बायकांच्या कानांतले डूल त्याला सहन होत नसत. दुसऱ्याच्या केसांना हात लावण्याची कल्पनाही नकोशी वाटे. चालताना तो पावलं मोजायचा. जेवताना सूपच्या वाडग्याचं घनफळ मनात काढल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. एखादी कृती पुन्हा पुन्हा करायची असेल तर तिची संख्या तिनाने भागली गेलीच पाहिजे. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

शाळेसाठी तो कार्लोवात्सला राहिला. हा प्रदेश दलदलीचा, त्यामुळे तिथे मलेरियाने गाठलं आणि क्विनीन घेत दिवस काढावे लागले. १८७३ मध्ये शिक्षण संपवून घरी आला तर गावात कॉलऱ्याची साथ. त्याने तब्बल नऊ महिने अंथरूण धरलं. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात वेगळा करून दाखवला तो १८८४ मध्ये, आणि मीठसाखरेच्या पाण्याने हा रुग्ण वाचतो हे कळायला त्यानंतरही कित्येक दशकं गेली. मुलाने धर्मगुरू व्हावं, असा वडिलांचा हट्ट होता. मुलगा हातचा जातोय असं दिसल्यावर त्यांनी शब्द दिला, की बरा झालास तर इंजिनीयरिंगला पाठवीन. मुलगा बरा झाला आणि ग्राझच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला.

१८८१ मध्ये बुडापेस्टला टेलिफोनच्या कामावर असताना त्याचं मन पार कोलमडलं. तीन खोल्यांपलीकडच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येई, टेबलावर माशी बसली तरी कानात धप्प आवाज होई. त्याच शहरातल्या बागेत, या दुखण्यातून सावरताना मित्राबरोबर फिरत असता, त्याला फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना सुचली. त्याने काठीने मातीत आकृती काढून दाखवली. आज घरोघरचे पंखे आणि शेतावरचे पंप ज्या प्रकारच्या मोटारीवर चालतात, तिचं मूळ त्या आकृतीत आहे.

१८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला. काही काळ एडिसनकडे काम केलं, मग वाद, बेकारी, पोटासाठी रस्त्याकडेचे चर खोदणं, हे सगळं झालं. १८८८ मध्ये वेस्टिंगहाउसने त्याची पेटंटं घेतली आणि दिवस पालटले. १८९५ मध्ये त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. १८९६ मध्ये नायगाराची वीज त्याच्या पद्धतीने बफेलो शहरात पोहोचली.

क्ष-किरणांचा शोध जाहीर झाला तेव्हा टेस्लानेही ते किरण निर्माण करून हाडांची चित्रं काढली. हे किरण निरुपद्रवी आहेत, अशी तेव्हा समजूत होती. पण त्वचा भाजते, डोळे दुखतात, हे टेस्लाने पाहिलं आणि लिहिलं. कारण सांगताना तो चुकला, त्याने दोष ओझोनला दिला. सल्ला मात्र अचूक होता : नळीपासून लांब राहा आणि वेळ कमी ठेवा. आमच्या क्ष-किरण विभागातला तंत्रज्ञ आजही हेच दोन नियम पाळतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. अदृश्य लहरींनी दूरवर काम करून घेण्याचे प्रयोग त्या काळात अनेक जण करत होते. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा वाजवून आणि दारू उडवून दाखवली होती. पण घंटा एकदा वाजते आणि थांबते. चालत्या वस्तूला दुरून वळवायचं, थांबवायचं, पुन्हा चालवायचं, हे वेगळं काम आहे. ते लोकांसमोर करून दाखवण्याचा मान टेस्लाकडे जातो. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या वीजप्रदर्शनात त्याने पाण्याचा हौद ठेवला आणि त्यात सुमारे चार फूट लांबीची लोखंडी बोट सोडली. हातातल्या पेटीवरून तो हुकूम देई आणि बोट वळे, थांबे, दिवे लावी. आत शिकवलेलं माकड बसवलंय, असं काहींना वाटलं. काहींनी हे मनोबल मानलं, काहींनी जादू.

बोटीच्या पोटात बॅटरी, पंखा फिरवणारी एक मोटार आणि सुकाणूसाठी दुसरी मोटार होती. लहर ओळखणारा कान म्हणजे धातूचा कीस भरलेली छोटी नळी. लहर आली की कीस एकमेकांना धरून बसे आणि त्यातून वीज वाहू लागे. त्या विजेने आतली चकती एक घर पुढे सरके, आणि चकती कोणत्या घरात आहे यावर बोट सरळ जायची की वळायची हे ठरे. मग नळी आपोआप उलटी होऊन कीस मोकळा होई आणि पुढच्या हुकमाची वाट पाही. आजच्या गाडीत किसाऐवजी चिप असते आणि लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात. पण ग्रहण करणारा भाग, ठरवणारा भाग आणि चाकं वळवणारी मोटार ही साखळी तीच आहे.

दोन मुलांनी एकाच प्रकारची गाडी आणली तर एकाच्या रिमोटने दोन्ही पळायच्या, हा जुन्या खेळण्यांचा अनुभव बऱ्याच पालकांना असेल. टेस्लाने या अडचणीचाही विचार केला होता. दोन वेगळ्या लहरी एकाच वेळी आल्या तरच यंत्राने हुकूम मानायचा, अशी युक्ती त्याने काढली. एका कुलपाला दोन किल्ल्या लावाव्यात तसं.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती या बोटीमागची कल्पना. डोळ्यांसमोर येणाऱ्या चित्रांचा लहानपणापासून छळ सोसताना टेस्ला प्रत्येक चित्राचं मूळ शोधत असे. आधी कुठेतरी काहीतरी पाहिलेलं असायचं आणि त्यातूनच ते चित्र उमटायचं. त्यावरून त्याने ठरवलं की आपण स्वतःच एक यंत्र आहोत. बाहेरून संवेदना येते, आत काही हलतं आणि अवयव हलतात. मग डोळ्यांच्या जागी लहर ओळखणारी नळी आणि स्नायूंच्या जागी मोटार बसवली तर असंच यंत्र का बनवू नये? म्हणजे अंगणातल्या गाडीचा उगम एका माणसाने स्वतःच्या दुखण्याचं निरीक्षण करण्यात आहे.

पेटंट कार्यालयाला त्याचा दावा इतका अशक्य वाटला, की मुख्य परीक्षकाने न्यूयॉर्कला येऊन बोट चालताना पाहिली. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी पेटंट मिळालं. ते वर्ष अमेरिका आणि स्पेन यांच्या युद्धाचं. असं अस्त्र सगळ्यांच्या हाती आलं तर युद्धच थांबेल, अशी टेस्लाची भाबडी आशा होती. तो वॉशिंग्टनमधल्या एका अधिकाऱ्याकडे हे घेऊन गेला तेव्हा अधिकारी खो खो हसला. आज दुरून चालणारी विमानं माणसं मारतात आणि युद्धंही थांबलेली नाहीत.

त्यानंतरची कथा उताराची. बिनतारी संदेश आणि वीज जगभर पाठवण्यासाठी त्याने लाँग आयलंडवर मनोरा उभारायला घेतला. मॉर्गन या धनाढ्याने दीड लाख डॉलर दिले आणि पुढे हात आखडला. मनोरा १९१७ मध्ये पाडला गेला. टेस्ला हॉटेलांमध्ये राहू लागला, बिलं थकू लागली. जेवणापूर्वी अठरा नॅपकिन घेऊन तो काटेचमचे पुसत असे. हस्तांदोलन टाळत असे. लग्न केलं नाही. जवळ येऊ दिलं ते फक्त कबुतरांना. जखमी कबुतरं तो खोलीत आणून त्यांची शुश्रूषा करी.

१९३७ मध्ये, ८१ व्या वर्षी, रात्री कबुतरांना दाणे घालायला निघालेल्या टेस्लाला टॅक्सीने उडवलं. तीन बरगड्या मोडल्या. डॉक्टरला बोलवायला त्याने साफ नकार दिला आणि कित्येक महिने अंथरुणात काढले. कबुतरांना दाणे मात्र त्याने दुसऱ्याकरवी पोहोचवले. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत त्याने प्राण सोडला. आकडा तिनाने भाग जाणारा. दारावर कुणी त्रास देऊ नये अशी पाटी होती. दुसऱ्या दिवशी ती पाटी न जुमानता सफाईवाली आत गेली तेव्हा कळलं. कारण होतं हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी. अंत्यविधीला दोन हजारांवर माणसं आली.

न तपासलेल्या माणसाला निदान चिकटवू नये, असं मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण मोजण्याची सक्ती, पुसत राहणं, स्पर्शाचं भय, या तक्रारी घेऊन आज कुणी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आलं तर मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, हा विचार आम्ही आधी करू. त्यावर औषधं आहेत. नको वाटणाऱ्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जाऊन सक्ती आवरायला शिकवणारी उपचारपद्धतीही आहे. टेस्लाच्या वेळी यातलं काही नव्हतं. त्याने आपली सक्ती सवय म्हणून झाकली, लोकांनी ती प्रतिभावंताची लहर मानली. आजही कित्येक घरांत हेच चालतं. तासन् तास हात धुणाऱ्याला घरचे स्वच्छतेचा भोक्ता म्हणतात आणि आमच्याकडे येईपर्यंत दहा वर्षं गेलेली असतात.

दुसरी गोष्ट एकट्या वृद्धांची. उतारवयात बरगड्या मोडल्या की खोल श्वास घेताना दुखतं, म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. पडल्यावर मला काही झालं नाही म्हणणाऱ्या आजीआजोबांना म्हणूनच तपासून घ्यायला हवं. आणि बंद दारावर रोज कुणीतरी टकटक करायला हवी, पाटी काहीही असो.

त्या दिवशी मुलाने जुन्या टूथब्रशने चाकांतला चिखल काढला. मी वर बघून आजोबांना खाली बोलावलं. पहिल्या हाकेला ते आले नाहीत. मग मुलगाच जिना चढून गेला आणि त्यांचा हात धरून घेऊन आला. त्याने रिमोट आजोबांच्या हातात दिला. त्यांनी गाडी सुरू करताच ती उलटी जाऊन तुळशीवर आपटली, आणि मुलगा त्यांना पुढे जायचं बटण कोणतं ते दाखवू लागला.