सिडनहॅम : आधी नीट बघणारा डॉक्टर

सिडनहॅम म्हटलं की आपल्याला मुंबईचं कॉमर्स कॉलेज आठवतं. ते नाव एका गव्हर्नरवरून पडलेलं. पण सेवाग्राम किंवा सावंगीला एमबीबीएस करणाऱ्या मैत्रिणीला विचारा, ती दुसराच सिडनहॅम सांगेल. डॉक्टर थॉमस सिडनहॅम.

त्याचा जन्म १६२४ चा, इंग्लंडच्या डॉर्सेटमधला. १६४२ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला गेला आणि तिकडे यादवी युद्ध पेटलं. पठ्ठ्यानं पुस्तकं मिटली आणि राजाविरुद्ध पार्लमेंटच्या फौजेत गेला. नंतर डॉक्टर होऊन लंडनमध्ये प्रॅक्टिस थाटली. तेव्हाचे बडे वैद्य जुन्या ग्रंथांवर विसंबायचे. सिडनहॅमचं म्हणणं साधं होतं : पेशंटजवळ बसा, बघा आणि दिसेल ते लिहा. तत्त्वज्ञ जॉन लॉक त्याचा दोस्त, तोही सोबत पेशंट बघायला जायचा. कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा फेलो मात्र सिडनहॅम कधीच झाला नाही.

१६८६ मध्ये त्यानं शाळकरी वयातल्या मुलांचा एक आजार लिहून ठेवला. आधी पाय ओढत चालणं, मग हात क्षणभरही एका जागी न राहणं. पाण्याचा पेला तोंडाशी न्यावा तर हात भलतीकडेच जायचा. कारण त्याला सापडलं नाही. रक्त काढणं, जुलाब देणं हे त्याचे उपायही आज कुणी करत नाही. पण वर्णन इतकं नेमकं की आजाराला त्याचंच नाव मिळालं, सिडनहॅम कोरिया. २९ डिसेंबर १६८९ ला तो गेला.

कारण फार उशिरा कळलं. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा सुजतो. त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडी काही मुलांत चुकून मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावरच उलटतात. घसा बरा होऊन काही आठवडे, कधी काही महिने झालेले असतात, म्हणून संबंध लक्षात येत नाही. हा आजार साधारण ५ ते १५ वयात होतो, मुलींमध्ये जास्त. बहुतेकांचे झटके काही महिन्यांत थांबतात. खरा धोका हृदयाच्या झडपांना असतो, म्हणून पुढे कित्येक वर्षं पेनिसिलिन घ्यावं लागतं.

अशा पोरीला घरी धांदरट म्हणतात, शाळेत अक्षर बिघडलं म्हणून ओरडा बसतो, कुठे अंगात आलं म्हणून अंगारा लावतात. तुमच्या धाकट्या बहिणीच्या हातातून अचानक वाटी सांडायला लागली, तर रागवू नका. नीट बघा, दवाखान्यात न्या आणि मागे घसा दुखला होता का, तेही डॉक्टरांना सांगा.