राजर्षींचे कायदे आणि राजवाड्यातील विवाह

कोल्हापूर : राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव निघाले की आरक्षण, सक्तीचे शिक्षण आणि राधानगरीचे धरण आठवते. त्यांच्या विवाहविषयक कायद्यांची आठवण त्या मानाने कमीच निघते.

२६ जून १८७४ रोजी जन्मलेले कागलचे यशवंतराव घाटगे १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा ते सतरा वर्षांचेही नव्हते. वडीलधाऱ्यांनी ठरवावे आणि मुलांनी बोहल्यावर उभे राहावे, असा तो काळ. हिंदू विवाहात वधूची संमती कायद्याने आवश्यकच नव्हती. अजाणत्या वयातील लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नवऱ्याच्या घरी जाणे किंवा सहा महिन्यांचा तुरुंगवास, एवढाच पर्याय ठेवला होता.

महाराजांनीही स्वतःच्या घरी रूढीच पाळली. कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांचा विवाह १९०८ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, देवासचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. पुढे पतीशी बिनसले आणि त्या माहेरी परतल्या. देवासच्या दरबारी राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी या दुराव्याची नोंद केली आहे. धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा विवाह १९१७ मध्ये इंदुमतीदेवींशी झाला. वर्षभरातच शिकारीतील अपघातात राजपुत्र गेले. इंदुमतीदेवी तेव्हा अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या.

याच काळात दरबारचे कायदे आले. १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाह कायदेशीर ठरविणारा. त्याच वर्षी स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध झाला. जातीजातींत रूढीने होणाऱ्या काडीमोडीही कायद्याच्या कक्षेत आल्या. बळजबरीने वा फसवणुकीने मिळविलेल्या संमतीवरून विवाह रद्द करून घेण्याची तरतूद पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात झाली. बाहेर पडण्याची वाट मात्र करवीर संस्थानाने कितीतरी आधी मान्य केली होती.

राजवाड्यात ही वाट कोणी चालले नाही, हेही नमूद केले पाहिजे. इंदुमतीदेवींचा पुनर्विवाह झाला नाही. महाराजांनी सोनतळीच्या कॅम्पवर त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. सनातन्यांचा विरोध पत्करून सासऱ्यांनी सुनेच्या हाती पुस्तक दिले, हेही थोडके नव्हते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. अक्कासाहेबांचे पुत्र विक्रमसिंह १९४७ मध्ये शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले.